घरातली हाक

नागभीड, १८ मार्च १९५८

चि. इंदू,

आशीर्वाद गृहीत धर. ते प्रत्येक पत्रात नव्याने सिद्ध करण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

तुझे कार्ड परवा दुपारी मिळाले. घर सोडून नागपूरला गेल्यापासून तू मला लिहिलेला हा पहिला मजकूर, आणि त्यात एकच प्रश्न: इंग्रजीतील 'बिविल्डर' या क्रियापदाचा अर्थ व उपयोग वर्गातील मुलींना कसा समजावून द्यावा. क्षेमकुशल नाही, सही आहे. प्रश्न मुद्द्याचा आहे, म्हणून उत्तरही मुद्द्यापुरते देतो.

गोंधळ उत्पन्न करणारी क्रियापदे इंग्रजीत पुष्कळ आहेत, आणि शाळेच्या पुस्तकांत त्या सर्वांपुढे 'गोंधळविणे' असा एकच अर्थ छापलेला असतो. हा आळस आहे. 'कन्फ्यूज' म्हणजे दोन भिन्न गोष्टी एकमेकींत मिसळणे. वादी आणि प्रतिवादी यांची नावे मी उलटी वाचली, तर मी न्यायाधीशाला कन्फ्यूज केले. 'पझल' यात उत्तर अस्तित्वात आहे ही खात्री असते, ते अद्याप हाती लागलेले नसते इतकेच. 'परप्लेक्स' यात गुंता असतो, पण गुंता सोडवणारा मनुष्य आपल्या जागी बसलेला असतो. 'बिविल्डर' झालेला मनुष्य बसलेला नसतो. तो चालत असतो, आणि त्याचे प्रत्येक पाऊल त्याला योग्यच वाटत असते. त्याची बुद्धी शाबूत असते. गेलेली असते ती दिशा. कोशकारांच्या मते या शब्दाच्या पोटातच रान आहे: वाट नसलेल्या जागी नेऊन सोडणे. 'भांबावून टाकणे' हा मराठी प्रतिशब्द जवळचा आहे. तुझ्या आजोळचे लोक 'भूल पडली' म्हणतात, तो अधिक जवळचा. परंतु त्यात एक उणीव आहे.

ती अशी. हे क्रियापद सकर्मक आहे. कोणीतरी कोणाला तरी भांबावून टाकतो. व्यवहारात मात्र ते बहुधा 'अमुक मनुष्य भांबावला' अशा रूपातच ऐकू येते, आणि कर्ता पडद्याआड राहतो. ही रचना साक्षीदारांना फार प्रिय असते. दार उघडे राहिले. कागद गहाळ झाला. वकिलीच्या साऱ्या आयुष्यात मी उलटतपासणीत फिरून फिरून एकच गोष्ट विचारीत आलो: कोणाकडून? 'भूल पडली' हे वाक्य या प्रश्नापुढे टिकत नाही. फळ पडते, पाऊस पडतो. भूल कोणीतरी पाडावी लागते. मुलींना हे सांग. त्यांना आवडणार नाही, पण लक्षात राहील.

उदाहरणादाखल हे वाक्य दे: 'रानाने वाटसरूला भांबावून टाकले.' व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे.

घरचे सर्व ठीक आहे. स्वयंपाक अजून इस्तारीच करतो आणि अजून मीठ विसरतो. संध्याकाळी फिरून आलो की मी दारात खाकरतो, ही माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. पूर्वी त्या आवाजावर आतून तुझ्या आईच्या हातचा पाण्याचा तांब्या येत असे. इस्तारीला वाटते मला खोकला झाला आहे. त्याने बाजारातून ज्येष्ठमध आणून कोनाड्यात ठेवले आहे. मी त्याची समजूत दुरुस्त केलेली नाही. खाकरल्यावर मी उंबऱ्याशी किंचित थांबतो, त्याचे कारण त्याने विचारलेले नाही.

तुझा
बाबा


नागभीड, ३ एप्रिल १९५८

चि. इंदू,

या वेळी कार्डाऐवजी पाकीट आले. ही प्रगती मी नोंदवतो.

तू लिहितेस: 'रानाचं वाक्य वर्गात पटलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, रान कोणाला काय करणार, ते तर एका जागी उभं असतं. कर्ता दुसरा द्या.' त्या मुलीला तर्काचे अंग आहे, तिला जपावे. परंतु याच्या खाली तू एक ओळ लिहिली आहेस, जिचा वरच्या मजकुराशी काहीही अन्वय लागत नाही: 'मंगली कुरखेड्याला असते.'

या ओळीवरून मी असे अनुमान करतो की सुट्टी लागताच तू तिच्याकडे जाणार आहेस. तू जाऊ नयेस असे माझे मत आहे, आणि मत म्हटले की कारणे देणे आले.

कोणत्याही साक्षीचे मूल्य साक्षीदाराच्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरते. मंगली त्या दिवशी तुझ्या आईसोबत होती हे खरे. पण वैशाखाच्या उन्हात, पाण्यावाचून, तीही तितकीच भांबावलेली होती. जो स्वतः दिशा हरवून बसला, तो दुसऱ्याची दिशा कोठे व कशी हरवली हे सांगण्यास पात्र कसा? शिवाय मधे सात उन्हाळे गेले. या काळात ती गोष्ट तिने किती जणांना सांगितली असेल, आणि सांगताना प्रत्येक वेळी ती किती सरकली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जे निश्चित आहे ते तुलाही ठाऊक आहे. मी तुला नागभीडच्या स्टेशनावरून घेतले आणि आपण आजोळी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई मंगलीला घेऊन टेंभरं, म्हणजे तेंदूची फळे, वेचायला रानात गेली. लहानपणापासून ती दर वैशाखात जात असे, रान तिला परके नव्हते. दुपारी दोघी परतल्या नाहीत. लटारूमामांनी माणसे जमवली. दिवस कलताना गावतळ्याच्या, त्या बोडीच्या, पाळीवरून हाका मारल्या गेल्या. रानातून उत्तर आले नाही. पुढे मंगली सती नदीच्या काठी गुराख्यांना सापडली. तुझी आई सापडली नाही. याखेरीज जे काही आहे ते ऐकीव आहे, आणि ऐकिवाला मी पुरावा मानीत नाही.

राहता राहिला तुझा जुना आरोप. मंगली बरी झाल्यावर नागभीडला आली, तेव्हा मी तिच्याशी पायरीवरच बोललो, तिला घरात घेतले नाही, आणि पुन्हा येऊ नको असे बजावून परत पाठवले. तू आतून पाहत होतीस. तू म्हणालीस, 'शेवटपर्यंत आईसोबत असलेली एकुलती एक बाई, आणि गोंडीण म्हणून तिला तुम्ही उंबरा ओलांडू दिला नाही.' त्यानंतर तू ट्रंक भरलीस. मी तेव्हा खंडन केले नाही, आताही करीत नाही. काही आरोप अबाधित राहू देण्यात सोय असते.

टेंभरं अजून हिरवीच आहेत, असे इस्तारी काल म्हणाला. मी विचारले नव्हते.

तुझा
बाबा


नागभीड, ९ एप्रिल १९५८

श्री. केवळराम मास्तर, कुरखेडा यांस,

नमस्कार. आपले वडील माझे पक्षकार होते आणि त्यांनी माझा सल्ला कधी बाहेर फुटू दिला नाही. तेवढ्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. आपल्या गावी मंगली नावाची गोंड बाई राहते. तिला एकटीला बसवून हे पत्र तिच्या समजुतीच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि ती जे बोलेल ते मला कळवावे.

मंगली, तू मला माझ्या पायरीवर जे सांगितलेस ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मास्तरांना ते ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात येथे मांडतो.

देवका, म्हणजे माझी पत्नी, त्या संध्याकाळी पाळीपासून फार दूर नव्हती. तुम्ही दोघी एका झाडाखाली बसल्या होता. तुमच्या भागात असे मानतात की रानात भूल पडली की ती भूल घरच्या माणसाचा आवाज घेऊन बोलावते. आवाज तिला घेता येतो, घरातला शब्द तिला माहीत नसतो. म्हणूनच लटारूने पाळीवर सर्वांना बजावले होते की कोणी नाव घेऊन ओरडू नका. घरात जे म्हणता तेच म्हणा. हाक मारण्यासाठी त्याने इंदूला पुढे केले, कारण मुलीच्या हाकेइतकी खात्रीची हाक नाही. इंदूने हाक मारली. 'आई.'

इंदू बोलू लागली तेव्हापासून तिच्या आईला 'माय' म्हणत आली होती. नागपूरच्या वसतिगृहात पहिले वर्ष काढून ती आदल्याच संध्याकाळी आली होती. देवकाने हाक ऐकली. ती तुला म्हणाली, आवाज इंदूचा आहे, पण माझी इंदू मला माय म्हणते. हे माझे लेकरू नाही. आणि तुम्ही दोघी हाकेच्या उलट दिशेला चालू लागलात.

हे इंदूला कळू नये म्हणून मी तुला घरात घेतले नाही. तुझा अपमान झाला. तो माझ्या बाजूने हेतुपुरस्सर होता आणि तुझ्या बाजूने विनाकारण.

आता इंदू तुझ्याकडे येणार आहे. तिला तू असे सांगावेस: हाक नवऱ्याने मारली. त्याने देवकाचे नाव घेतले. नवरा कधी बायकोचे नाव घेत नाही, म्हणून ती भ्याली आणि आत पळाली. यातले पहिले दोन भाग असत्य आहेत. तिसरा, तसे घडले असते तर, खरा ठरला असता. म्हणजे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. इंदू मला दोष देत आलेलीच आहे. एका दोषाच्या जागी दुसरा गेल्याने तिचे काही जात नाही. खरे कळले तर मात्र ती यापुढे कोणालाही हाक मारताना अडखळेल.

मी कोर्टात एकदाही शिकवलेला साक्षीदार उभा केला नाही. हा पहिला, आणि याच्यानंतर कोणी नाही.

गुणवंतराव डोंगरवार


कुरखेडा, १७ एप्रिल १९५८

आदरणीय गुणवंतरावजी,

आपले पत्र मंगलीला दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा तिनेच वाचायला लावले. तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवतो आहे. काही ठिकाणी सौम्य करू का असे मी विचारले. ती म्हणाली, 'मास्तर, तू लिवणारा, मी बोलणारी. खोडशीन तं उठून जाईन.' म्हणून खोडलेले नाही.

'वकीलभाऊले मंगलीचा जोहार.

कोर्टात तुमी दुसऱ्याचा साक्षीदार पाडत होता म्हणे. आता मले शिकवून राह्यले. मले पाठ होत नाई, भाऊ. लहानपणी मायनं गानं शिकवलं तं तेही अर्धच आलं. तुमी सांगता तसं सांगाले गेली तं मधातच खरं निंगून जाईन. मंग तुमचंबी हसू आन माझंबी.

आन पोरगी येनार हाय म्हणता. थे येऊन गेली. शिमग्याले आली. मास्तरले पुसत नाई बसली, सीदी माझ्या झोपडीवर. मी मोहाची फुलं वाळवत होती. आली, बसली, पानी पेली. म्हणे, मंगलीबाई, माझी हाक मायले ऐकू गेली का? येवढंच पुसलं. मी म्हटलं, गेली. मंग लय वेळ माझ्यासंगं मोहातल्या काड्या येचत बसली. नागपूरची शिकलेली, पर हात चांगला चालते तिचा. मायवानी.

मी काई म्हणाच्या आदीच म्हणे, "माझ्या तोंडात मा आलं होतं, मंगलीबाई. मा येवढं आलं, मी बाबांकडे पाहिलं, आणि आई निघालं."

मी म्हटलं, बापाकडे काऊन पाह्यलं? म्हणे, "आदल्या दिवशी बैलबंडीत बाबा म्हणाले होते, आता शिकलीस, आता माय नाही म्हणायचं."

तुमी इकडे दार लावून बसले भाऊ, आन पोरगी मागच्या दारानं कवाचीच आत येऊन बसली. तिले पाळीवरच समजलं होतं. तिले मले येवढंच पुसाचं होतं का मायनं ऐकलं का नाई.

मंग मी तिले माझी गोठ सांगितली. तुमच्या पायरीवर हे मी बोलली नव्हती, तुमी बसाले नाई सांगितलं म्हणून नाई, मलेच भ्या वाटलं म्हणून. हाक आली तवा देवका उठली होती. शब्द तिचा नाई म्हणे, आन तरी उठली. मायचा जीव, वकीलभाऊ. मी तिचा पदर धरला. म्हटलं, बस, भूल हाये थे, गेली तं परत नाई येत. तिच्या तोंडावर हात ठेवला. हा हात. मास्तर, लिव, हा हात दाखवला म्हणून.

पोरगी रडली नाई. म्हणे, "म्हणजे आपण तिघं झालो." मी म्हटलं, तिसरा कोन? म्हणे, "बाबा." मंग हासली, येडीवानी, आन मलेबी हसू आलं. दोघी मोहाच्या ढिगापाशी बसून हासत होतो, तवा माझी सून बाहेर येऊन पाहाले लागली का यायले काय झालं म्हणून.

तुमी मले हाकललं काऊन, हे तिले तवा मी सांगितलं. तुमचं गुपित होतं, पर हाकलली मी होती, म्हणून थे माझंबी होतं. थे आयकून मातर पोरगी उठली. जाताना म्हणे, "बाबांना मी एक शब्द विचारून पाहते. काय लिहितात पाहू."

आता अखीन एक हाय. हे मी पोरीले नाई सांगितलं. हे तुमचं हाय. मास्तर, आता हळू वाचजो यायले, म्हणजे लिवतानाच हळू लिव.

हाक थांबली, आमी अखीन थोडं आत जाऊन बसलो. देवका म्हणे, "थे आले असते तं खाकरले असते. खाकरणं भूलले नाई जमत." आन कान देऊन बसली. मी म्हटलं, चाल. म्हणे, थांब. मी म्हटलं, आता अंधार होऊन राह्यला. म्हणे, थांब वो, थे बोलत नाईत कवा, पर खाकरतेत.

तुमी तवा पाळीवर होता का नव्हता, मले माहीत नाई. होता तं काऊन गप्प होता, हे तुमचं तुमी पाहा.

आमच्यात असं मानतेत का ज्याले घरच्या शब्दानं हाक नाई भेटली, थो अजून आयकतच राह्यते. तुमच्यात मानत नसान. टेंभरं पिकली का पोरगी येनार हाय. पाळीवर उभी राहून माय म्हणनार हाय. तुमी आले तं बरं. नाई आले तं पोरीचं काई अडत नाई, मी हावो.'

एवढे सांगून ती उठली. दारातून परत वळली आणि म्हणाली, 'आन हेबी लिव. माझी झोपडी लहान हाय, पर आल्या माणसाले बसाले सांगते.' हे वाक्य गाळावे असे मला प्रकर्षाने वाटले होते.

आपला नम्र
केवळराम


नागभीड, २४ एप्रिल १९५८

चि. इंदू,

तुझ्या मागील पत्राचा मी चुकीचा अर्थ लावला होता. 'मंगली कुरखेड्याला असते' या वाक्यात तू जाणार आहेस असे कोठेही नव्हते. ते मी त्यात घालून वाचले. वाक्य वर्तमानकाळी होते आणि तू तिला भेटून आलेली होतीस. उपलब्ध शब्दांपलीकडे अनुमान नेऊ नये असे मी नव्या वकिलांना सांगत असे.

माझ्याही एका वाक्याकडे तुझे लक्ष गेले असेल. 'पाळीवरून हाका मारल्या गेल्या,' असे मी लिहिले. त्याच पत्राच्या आधीच्या पत्रात मी अशा वाक्यांची निंदा केली होती. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने ते वाचले असते तर तिने मला उभे केले असते.

मंगलीकडून मला सर्व कळले. तुला काय कळले तेही कळले. म्हणजे आता आपल्यामध्ये लपवण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि इतकी वर्षे मी ज्या दारावर पहारा केला त्याच्या आत कोणी नव्हते. पहारा व्यर्थ गेला याचे मला वाईट वाटावे, असे मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिले. वाटत नाही. तू ते एकटीने बाळगले याचे वाटते.

क्रियापदाकडे परत येतो, कारण तू प्रश्न तोच विचारला होतास. कर्ता कोण? मंगली म्हणते तिचा हात. तू म्हणतेस तुझा शब्द. माझे नाव तू मोहाच्या ढिगाऱ्यापाशी घेतलेस, असे दिसते. एका क्रियेचे तीन कर्ते, आणि तिघेही आपापल्या परीने तिला घरी आणू पाहणारे. लटारूने नियम सांगितला तो तिला ओळख पटावी म्हणून. तू शब्द बदललास तो मला बरे वाटावे म्हणून. मंगलीने पदर धरला तो ती वाचावी म्हणून. अशा प्रकरणात कायदा काय म्हणतो हे मला पाठ आहे, आणि ते येथे लागू पडत नाही हेही मला दिसते. मी निकाल देत नाही. इतका काळ न्यायालयात काढल्यावर निकाल न देण्याचा अधिकार मला मिळाला असावा.

मुलींना आता असे सांग, की या क्रियापदाला कधी कधी कर्ता असतो आणि तरीही अपराधी नसतो. त्यांना हे लक्षात राहणार नाही, पण पुढे कधी तरी उपयोगी पडेल.

मंगली म्हणते की ज्याला घरच्या शब्दाने हाक मिळाली नाही तो अजून ऐकतच असतो. याला प्रमाण नाही. तथापि तो ऐकत नाही यालाही प्रमाण नाही, आणि एकाचा अभाव हे दुसऱ्याचे प्रमाण होत नाही. हे मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिले. काल सायंकाळी फिरून आल्यावर मी दारात उभा राहिलो आणि मला खाकरता आले नाही. इस्तारी बाहेर येऊन म्हणाला, 'खोकला गेला वाट्टे भाऊचा. ज्येष्ठमध लागलं म्हणायचं.' मी त्याला हो म्हटले.

शिमग्याला तू नागपूरहून आलीस, कुरखेड्याकडे जायला वडश्याच्या गाडीसाठी नागभीडच्या फलाटावर उतरलीस, तेथे तास-दीड तास बसलीस, आणि येथून चालत दहा मिनिटांवर असलेल्या घरी आली नाहीस. हे मी वेळापत्रकावरून ताडले. तक्रार म्हणून लिहीत नाही. या खेपेसही तुला गाडी बदलावी लागेल. घरी ये असे मी म्हणत नाही. मी फलाटावर असेन, माझ्याजवळ वडश्याचे तिकीट असेल, आणि तू ज्या डब्यात बसशील त्याच्या शेजारच्या डब्यातही बसायला माझी हरकत नाही.

मंगलीसाठी एक लुगडे घेतले आहे. इस्तारीने रंग निवडला, म्हणून तो बरा असेल. तिच्या झोपडीत मी बसणार आहे. ती सांगेल तितका वेळ.

त्या संध्याकाळी पाळीवर मी तुझ्या शेजारी गप्प का उभा होतो, असे तू मला कधी विचारले नाहीस. मंगलीने विचारले आहे. त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे. ते कागदावर नीट उभे राहत नाही. एकाच डब्यात बसलो तर सांगेन.

पाळीवर आधी तू हाक मार. तुझा शब्द तुला ठाऊक आहे, आणि या वेळी माझ्याकडे पाहू नकोस. त्यानंतर थोडी थांब. मी खाकरेन. गावातली माणसे जमली असली तरी खाकरेन. तुला हसू आले तर हस, मंगली हसेल तर तिलाही हसू दे. पण ते झाल्यावर काही वेळ कोणी बोलायचे नाही.

तांब्या भरून आणायला ती नेहमीच थोडा वेळ लावीत असे.

तुझा
बाबा